रेजिना टीचर आणि पाण्याचा जिना

शाळेच्या स्मरणिकेसाठी रेजिना टीचरांवर चार ओळी लिहून द्या, असा मुख्याध्यापकांचा निरोप आला. मी हो म्हटलं आणि पुढचे पंधरा दिवस कागदाला हात लावला नाही. लिहायला बसले की त्यांचा आवाज कानात यायचा, "गो सुमन, माझ्यार लिवतंस? मगे आदी नकाशो हाड!"

"नकाशो हाड", म्हणजे नकाशा आण, हे टीचरांचं पालुपद होतं. आम्ही मालवणजवळच्या एकाच हायस्कुलात बावीस वर्षं शिकवलं. त्या भूगोल, मी मराठी. त्यांच्या मते जगातल्या बहुतेक भांडणांचं मूळ हे, की भांडणाऱ्यांनी नकाशा पाहिलेला नसतो. एकदा परीक्षेच्या ड्यूटीवरून पी.टी.चे सर आणि चित्रकलेच्या बाई यांची इतकी जुंपली, की शिपाई दारात येऊन उभा राहिला. टीचर उठल्या. कपाटातून दक्षिण अमेरिकेचा भलामोठा नकाशा काढून त्यांनी तो दोघांच्या मधे टेबलावर पसरला आणि म्हणाल्या, "ओरिनोको नदी खंय आसा ती दाखवा. जो पयलो दाखवतलो, तेचा खरा."

दोघं रागारागाने वाकली. पाच मिनिटांनी सर बाईंना विचारत होते, "ही ॲमेझॉन ना? मग ओरिनोको हिच्या वर असेल." नदी सापडेपर्यंत ड्यूटीचा विषय संपला होता. टीचरांनी नकाशा गुंडाळला आणि त्या वर्गावर निघून गेल्या.

टीचर उंच, हाडापेराने मजबूत. शाळेत कडक इस्त्रीची साडी, घरी फुलाफुलांचा झगा. वर्गात बोलायच्या ते इतकं शुद्ध मराठी, की मलाच माझं तपासून घ्यावं लागे. वर्गाचा उंबरठा ओलांडला की लगेच मालवणी. आवाज असा, की मैदानाच्या पलीकडच्या टोकाला आंब्यावर चढलेलं पोर खाली उतरावं. तो आवाज कुठून आला हे मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि तेही माझ्या मामांकडून.

टीचरांचे वडील पास्कू कर्लीच्या खाडीत तर चालवायचे. माणसांना या काठावरून त्या काठावर नेणारी मोठी होडी, तिला आमच्याकडे तर म्हणतात. तेव्हा खाडीवर पूल नव्हता. रेजिना सतरा वर्षांची असताना पास्कूंची पाठ गेली आणि ते अंथरुणाला खिळले. होडी बंद ठेवली तर दोन्ही काठांची माणसं अडकणार, म्हणून मुलीने बांबू हातात घेतला. सुरुवातीला पुरुष माणसं तिच्या होडीत बसायला तयार नसत, पलीकडून हाक मारून विचारत, "पास्कू खंय गेलो?" ती तितक्याच मोठ्याने उत्तर द्यायची, "घराक आसा! मी आसय!" तो आवाज असा कमावलेला होता.

अशात एक दिवस लग्नाचं वऱ्हाड आलं. नवऱ्याचा धाकटा भाऊ म्हणजे माझे मामा. ते तेव्हा बारा वर्षांचे होते. मुहूर्त पलीकडच्या गावात, माणसं घामाघूम, वाजंत्रीवाले ढोल डोक्यावर घेऊन काठावर उभे. आणि रेजिना होडीच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बांबू मांडीवर आडवा घेऊन बसलेली. ओहोटी जोरात लागली होती.

"गो चेडवा, ऊठ! मुहूर्त टळतलो!" नवऱ्याचे काका ओरडले.

"पाणी अजून ओढता."

"किती येळ?"

"पाणी थांबासर."

काका संतापले, वऱ्हाडातल्या बायका रडकुंडीला आल्या. कोणीतरी म्हणालं, पोरीला बाजूला करा, आपणच होडी घालूया. तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, "ह्या पाण्यात होडी घातलंय तर तुमचो नवरो समुद्रात लगीन लावतलो. जाऊचा आसा?"

मामा सांगायचे, ती अर्धा तास नुसती पाण्याकडे बघत होती. मग एकाएकी म्हणाली, "बसा." पाणी ओढायचं थांबलं होतं. दोन खेपांत तिने सगळं वऱ्हाड पलीकडे उतरवलं. अंतरपाट धरायला अजून पाच-सात मिनिटं उरली होती, आणि ज्या काकांनी आरडाओरडा केला त्यांनीच पहिल्या पंगतीतलं पान तिच्यासाठी होडीवर पाठवलं.

दोन वर्षं तर चालवून, वडील बरे झाल्यावर, ती शिकायला सावंतवाडीला गेली आणि टीचर होऊन परत आली. त्या होडीविषयी स्वतः कधी बोलल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "तेतूर काय सांगण्यासारख्या? लोकांका पलीकडे जाऊचा होता, मी न्हेलंय."

त्या ज्याविषयी बोलायच्या तो विषय वेगळाच होता. नववीच्या भूगोलात कालव्यांचा धडा होता. मोठी जहाजं डोंगराळ मुलखातून कशी नेतात, दोन्ही टोकांना दारं असलेल्या प्रचंड हौदांत त्यांना घेऊन पाण्यानेच कसं वर उचलतात, असं त्यात दीड पानात सांगितलेलं. पुस्तकात त्या हौदाला जलपाश म्हटलं होतं. टीचरांना तो शब्द अजिबात मान्य नव्हता. "पाश कसलो? ता तर होडयेक मोकळी करता. पाण्याचो जिनो म्हणा!"

दीड पानावरून मुलांच्या डोक्यात काही शिरेना. पाणी वर चढतं कसं, हा प्रश्न दरवर्षी यायचा. तेव्हा टीचरांनी शाळेच्या विहिरीजवळ स्वतः उभं राहून सिमेंटचा छोटा जिना बांधून घेतला. एकाखाली एक दोन हौद, पत्र्याची वरखाली सरकणारी दारं. दारं गळायची, म्हणून पास्कू होडीच्या फटी बुजवायचे तशी कापूस आणि राळ त्यांनी कडांना भरली. सावंतवाडीच्या चितारआळीतून लाकडाची लाल होडी करून आणली. या जागी आल्या की टीचर वर्गातलं शुद्ध मराठी विसरत. सगळा वर्ग विहिरीभोवती उकिडवा बसवून त्या सांगत, "पाणी चढणा नाय. पाणी उतरताच. पण उतरता उतरता होडयेक वर चढयता. बगा!" आणि लाल होडी खरंच वर यायची. मी मराठीचा तास सोडून कितीदा तरी ते पाहायला गेले आहे.

एका वर्षी शाळेची तपासणी होती. मोठे साहेब आवारात फिरत विहिरीपाशी आले आणि त्यांनी विचारलं, "हे काय? गुरांना पाणी पाजायला?"

मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. टीचर म्हणाल्या, "साहेब, मुलीच दाखवतील," आणि त्यांनी लताला पुढे बोलावलं. लता म्हणजे वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. लताने न बोलता होडी खालच्या हौदात सोडली, खालचं दार लावायला घेतलं. साहेबांना राहवेना, त्यांनी मधेच हात घालून वरचं दार उचलायला सुरुवात केली. लताने साहेबांचं मनगट धरलं.

"नको! एक दार पूर्ण बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. सगळं पाणी खाली जाईल, होडी फुटेल."

साहेबांनी मनगटाकडे पाहिलं, लताकडे पाहिलं, आणि बुटांसकट उकिडवे बसले. "बरं. मग तू सांग, मी करतो." त्यांनी होडी तीनदा चढवली आणि तीनदा उतरवली. शेऱ्यांच्या वहीत त्यांनी शाळेविषयी बरंच चांगलं लिहिलं, पण टीचर ते वाचायलाही गेल्या नाहीत. संध्याकाळी बसस्टॉपवर मला म्हणाल्या, "आयकलंस मा? लता बोलली." डोळे भरले होते. लता आता नर्सांना शिकवते.

एवढं सगळं शिकवणाऱ्या बाईंनी खरा जलपाश कधी पाहिला नव्हता. निवृत्त झाल्यावरही दर जूनला येऊन त्या पत्र्याच्या दारांची गळती काढून जायच्या. "खरो कसो असतलो गो?" असं मला विचारायच्या.

मग परवाच्या उन्हाळ्यात मी मुलीच्या बाळंतपणासाठी कॅनडाला गेले. टीचरही तिथेच होत्या, तासाभराच्या अंतरावर, भाच्याकडे. रॉनी म्हणजे त्यांच्या भावाचा मुलगा. ओंटारिओ सरोवरावर त्याची एक जुनी छोटी मोटरबोट होती, सुट्टीत फिरायची. त्याची नोकरी एरी सरोवराकाठच्या गावात बदलली होती, त्यामुळे बोटही तिकडे न्यायची होती. एरी सरोवर वर, ओंटारिओ खाली, मधे नायगराचा धबधबा. त्या धबधब्याला वळसा घालून मोठ्या जहाजांसाठी कालवा काढला आहे आणि त्यात पाण्याच्या आठ पायऱ्या आहेत. वर जाणाऱ्या छोट्या बोटीवर तीन माणसं हवीत असा तिथला नियम. एक सुकाणूवर, दोन दोरांवर. रॉनीचा मित्र येणार होता, त्याची ऐनवेळी कंबर धरली. रॉनीची बायको इस्पितळात कामाला, तिला सुट्टी मिळेना. तिसरं माणूस मिळालं नाही तर बोट ट्रकवर घालून रस्त्याने न्यावी लागणार होती.

फोन आला तेव्हा मी नातीला मांडीवर घेऊन बसले होते.

"गो सुमन, तुका पोवूक येता?"

"नाय, टीचर."

"बरा. दोरी धरूक येता?"

मुलगी म्हणाली, "आई, तुझे गुडघे बघ, तुझं वय बघ." जावई म्हणाला, "टीचरांचं तर सत्तरीच्या पुढे आहे!" मी सगळं फोनवर सांगितलं. मग टीचर म्हणाल्या, "सुमन, एकतीस वर्सां मी पोरांका सांगलंय. बगूक गावला नाय, तर ता खरा होता काय खोटा, ह्या माका कसा कळतला?" त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. मी गेले.

पहाटेच्या थंडीत आम्ही कालव्याच्या तोंडाशी पोचलो. धक्क्यावर कालव्याचा एक कर्मचारी आला. चांगला माणूस. त्याने रॉनीला पाहिलं, मग नारिंगी जॅकेटात फुगलेल्या आम्हा दोन म्हाताऱ्यांना पाहिलं आणि विचारलं, "दोरांवर कोण?"

टीचरांनी वर्गातल्यासारखा हात वर केला. "मी आणि ही."

"याआधी कधी गेला आहात?"

"नाही," टीचर आपल्या ठसठशीत इंग्रजीत म्हणाल्या, "पण एकतीस वर्षं शिकवलं आहे."

तो हसला नाही. त्याने दोराचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. टीचरांनी बोटीवरच्या लोखंडी खुंटीला दोराचा एक वेढा दिला, गाठ न मारता, आणि पाय रोवून म्हणाल्या, "ओढा." त्याने ओढलं. मग दोन्ही हातांनी ओढलं. दोर हलला नाही. टीचरांनी हात जरासा सैल केला तसा दोर सुळकन सुटला आणि तो दोन पावलं मागे गेला. त्याने टोपीला हात लावला आणि आमची नावं वहीत लिहिली.

पहिल्या हौदात शिरलो. दोन्ही बाजूंना चार मजली इमारतीएवढ्या काळ्या ओल्या भिंती, वर आकाशाची पट्टी. मागची लोखंडी दारं मिटली. भिंतीवरच्या माणसांनी दोन दोर खाली सोडले. पुढचा टीचरांकडे, मागचा माझ्याकडे. पाणी वाढेल तसा ढिला होणारा दोर ओढून घ्यायचा आणि बोट भिंतीशी धरून ठेवायची, एवढंच काम. तळातून पाणी उसळ्या मारत आलं आणि आमची बोट उचलली जाऊ लागली.

आम्ही वर आलो. भिंत संपली, ऊन अंगावर आलं, पलीकडे हिरवळ आणि सायकलवरून जाणारी माणसं दिसली. टीचरांनी हात लांब करून भिंतीच्या ओल्या काठावर तळवा टेकला.

"खरा आसा गो, सुमन," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या हौदात माझ्यामुळे घोटाळा झाला. वारा सुटला होता. उसळीबरोबर बोटीला हिसका बसला आणि दोर माझ्या हातून निसटला. बोटीचं मागचं अंग भिंतीपासून सुटून हौदाच्या मधे फिरायला लागलं. माझा दोर दूर भिंतीवर नुसता लोंबकळत होता. मी किंचाळले. रॉनी सुकाणू सोडून धावत निघाला.

"रॉनी, हयसर ये! ही दोरी धर. बांधू नको, हळूहळू ओढत रव!" पुढचा दोर त्याच्या हातात देऊन टीचर टपावरची आकड्याची लांब काठी घेऊन माझ्यापाशी आल्या. मी म्हणत होते, "टीचर, मारा काठी, दोर पकडा!" दोर काठीच्या टोकापासून हातभर लांब होता. वाकून पकडायला गेलं तर माणूस पाण्यातच जाणार.

"रव," त्यांनी मला थांबवलं.

"टीचर, बोट आपटतली!"

"रव गो. पाणी फिरता. आमकां परत हाडतला."

त्या काठी घेऊन पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. वरून माणसं ओरडत होती. मला तो वेळ तासाएवढा वाटला. रॉनी नंतर म्हणाला, अर्धं मिनिटही नसेल. मग पाण्याने खरंच अंग बदललं. बोटीचं मागचं टोक हळूच भिंतीकडे वळायला लागलं, दोर जवळ आला, आणि टीचरांनी एकाच झटक्यात आकडा घालून तो आत ओढला.

मला वाटलं, आता दोर त्याच सांभाळतील. मी हात पुसत मागे सरकले. टीचरांनी दोर माझ्यापुढे धरला.

"घे."

"नको, टीचर. माझ्या हातून सुटता."

"सुटली म्हणान तर तुका आता कळला कशी सुटता ती. एक येढो घाल. पाय रुंद ठेव. घे."

मी घेतला. पुढच्या तीन पायऱ्या एकीला एक लागून आहेत. एका हौदाचं दार उघडलं की पुढचाच हौद. शेजारच्या हौदातून एक अवाढव्य मालवाहू जहाज उतरत होतं. आम्ही वर जात होतो, ते खाली. मधे एक क्षण असा आला की त्याच्या कठड्यावरचे खलाशी आणि आम्ही समोरासमोर. टीचरांनी एक हात दोरावर ठेवून दुसऱ्याने सलाम ठोकला आणि त्या सगळ्यांनी आरोळी दिली. सातव्या पायरीवर दोर आपोआप माझ्या हातात खेळत होता. मी वळून पाहिलं तर टीचर माझ्याकडेच बघत होत्या. वर्गात पोराचं उत्तर बरोबर आलं की मान डोलवायच्या, तशी त्यांनी डोलवली. पासष्टाव्या वर्षी मला जितका अभिमान वाटला तितका मला माझ्या पदवीचाही वाटला नव्हता.

आठवी पायरी अगदी ठेंगणी. दार उघडलं आणि समोर एरी सरोवर. पलीकडचा काठ दिसत नव्हता. ऊन कलायला आलं होतं. नायगराचा अख्खा धबधबा जितका खाली पडतो त्याहून जास्त उंच आम्ही एका दिवसात चढून आलो होतो. रॉनीने आत्याला घट्ट मिठी मारली. वर्गात कधी कोणाला जवळ न घेणाऱ्या टीचरांनी मलाही ओढलं, आणि तिघंही रडत हसत तिथेच उभे राहिलो.

कालव्याच्या एरीकडच्या तोंडाशी जावई मला न्यायला आला होता; टीचर आणि रॉनी बोट घेऊन पुढे त्याच्या नव्या गावाला जाणार होते. माझं परतीचं विमान चार दिवसांवर आलं होतं. टीचर नाताळापर्यंत राहणार होत्या, आणि नाताळाच्या आठवडाभर आधी तिथेच, भाच्याच्या घरी, झोपेतच गेल्या. तेव्हा धक्क्यावर आम्हाला कोणालाच हे ठाऊक नव्हतं. मी उतरले. त्यांनी विचारलं, "हात दुकतत?" मी तळवे दाखवले, सोलवटलेले. "खोबऱ्याचा तेल लाव," त्या म्हणाल्या. इतकंच बोलणं झालं.

रॉनीने सुकाणूपासून बाजूला होऊन त्यांना जागा दिली. टीचर चाकामागे उभ्या राहिल्या, पाय रुंद ठेवून. बोट धक्क्यापासून सुटली. मी हात हलवत होते, पण त्यांनी मागे पाहिलं नाही. पुढे बघत होत्या आणि रॉनीला काहीतरी सांगत होत्या. दीपस्तंभाला मागे टाकल्यावर त्यांनी भोंगा वाजवला. एकदा, लांब. मग परत एकदा. धक्क्यावरचे सगळे पांढरे पक्षी एकदम उडाले, मासे पकडणारी माणसं माना वर करून बघायला लागली, आणि बोट वेग घेऊन उघड्या पाण्यावर निघाली.